आधी डबी, मग आतलं

सौंदर्यप्रसाधनांचा धंदा काढायचं ठरलंय म्हणता? मग उशीर कसला, लोगो करायला घ्या. क्रीम अजून बनलं नाही ही काही सबब नव्हे. क्रीम काय, एका रविवारी होतं. लोगोतल्या पानाची हिरवी छटा ठरायला मात्र तीन महिने लागतात.

त्यानंतर डबी. दुधी काचेची, जड झाकणाची, नुसती हातात घेतली तरी आतला माल महागाचा वाटावा अशी. डबीवाला म्हणेल, काही हजार नगांच्या खाली ऑर्डर घेत नाही. घेऊन टाका, पलंगाखाली मावतील. पुढे तुमच्या सुगंधी तेलानं झाकणाच्या प्लॅस्टिकला तडे पाडले, तर तेव्हाचं तेव्हा बघू. डबी आणि माल एकमेकांना मानवतात का, हे आधी तपासत बसणाऱ्यांचे धंदे सुरू होतात कधी?

आता नाइलाजानं क्रीमकडे वळू. क्रीम म्हणजे पाणी, तेल आणि त्या दोघांना एका डबीत नांदवणारा इमल्सिफायर. त्यातही बहुतेक वेळा पाणीच सगळ्यात जास्त. घटकांची यादी उतरत्या प्रमाणानं छापावी लागते, त्यामुळे पहिलं नाव पाण्याचंच येतं. अक्षर जमेल तेवढं बारीक ठेवा. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र हव्या त्या क्रमानं लिहायची मुभा बऱ्याच देशांत आहे. तेव्हा ज्या फुलाचे चार थेंब टाकलेत, ते त्या रांगेत पुढे घ्या आणि त्याचं चित्र डबीभर छापा.

पाणी आलं की राहायला जंतूंची मंडळी येतात. स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस, कॅन्डिडा, झालंच तर बुरशी. त्यांना बाहेर ठेवायला प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, पण तुमच्या गिऱ्हाइकाला तो शब्द आवडत नाही, म्हणून तुम्हालाही आवडता कामा नये. पॅराबेन हा त्यातलाच एक प्रकार, तेव्हा ‘पॅराबेनमुक्त’ असं ठळक लिहा. पॅराबेनला घाबरून बऱ्याच कंपन्या मिथाइलआयसोथायझोलिनोन या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हकडे वळल्या, मग त्याचीच ॲलर्जी इतकी फोफावली की २०१७ पासून युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते घालायला बंदी आली. आणि २०१९ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेनं पॅराबेनला चक्क ‘ॲलर्जी न करणारा’ म्हणून त्या वर्षीचा मान दिला. पण हे सगळं लेबलवर मावत नाही. ‘मुक्त’ मावतो.

तुम्ही व्हिटॅमिन ई घाला. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंचं काहीही वाकडं करत नाही. नाव मात्र शाळेपासून ओळखीचं, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. जंतूही खूश.

कुणी तरी शहाणा सांगेल, चॅलेंज टेस्ट करून घ्या. त्यात प्रयोगशाळावाले तुमच्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस ते किती मरतात, किती उरतात हे मोजत बसतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आपल्याच मालात विकतचे जंतू कशाला? दुसरा सांगेल, ४० अंशांवर तीन महिने ठेवून बघा, क्रीम फुटतं का, पाणी सुटतं का, रंग बदलतो का. त्या तीन महिन्यांत तुमची हिरवी छटा जुनी होईल. त्यापेक्षा मावशीला लावायला द्या. मावशी दोन दिवसांनी म्हणेल, ‘छान आहे गं, वास गोड आहे.’ झालं, चाचणी यशस्वी. डबीवर ‘चाचणी केलेले’ लिहायला हरकत नाही. कुणावर, ते विचारतो कोण?

सनस्क्रीनचाही मोह धरा. ऊन अडवणारी झिंक ऑक्साइडची पूड क्रीममध्ये चमच्यानं ढवळली की झालं. ती गुठळ्या धरते, म्हणजे गाल वाचतो आणि नाक भाजतं, पण तुमच्या हातावर काय सारखंच पसरलंय. खरा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा, काढायला माणसांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून प्रकाश पाडून बघतात. तुम्ही आकडा निवडा. ५० शोभून दिसतो.

दाव्यांच्या बाबतीत मात्र व्याकरण सांभाळा. ‘सुरकुत्या घालवते’ म्हणालात, तर अमेरिकेसारख्या काही देशांचे कायदे तुमच्या क्रीमला औषध समजतील आणि औषधाचे पुरावे मागतील. ‘सुरकुत्या कमी दिसतात’ म्हणा. सगळा धंदा ‘दिसणे’ या एका क्रियापदावर उभा आहे, हे मी थट्टेनं म्हणत नाहीये.

हे कायदे आले तरी कुठून, असा त्रागा तुम्ही कराल. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युअर (म्हणजे ‘पापण्यांची भुरळ’) नावाचा पापण्या रंगवायचा डाय निघाला. त्यानं बायकांचे डोळे गेले. तेव्हाच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच, त्यामुळे सरकारला तो माल उचलताही येईना. १९३८ साली नवा कायदा झाला आणि त्याखाली पहिली जप्ती याच डायची झाली. नावात काय कमी होतं सांगा! डबीही सुबक असणार.

तर माल गेला, पैसे आले, तारीफ आली. दोनेक महिन्यांनी एखादं गिऱ्हाईक फोटो पाठवेल. क्रीमवर करडे-काळे ठिपके, कडेला सुटलेलं पाणी. गडबडू नका. लिहा, ‘ताई, आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक असल्यामुळे असं होऊ शकतं.’ यात एक अक्षरही खोटं नाही. मग बदली डबी पाठवा, आणि जुनी आठवणीनं परत मागवा. काच चांगली आहे, धुऊन पुन्हा भरता येईल.