जिना, निष्काळजीपणा आणि २५ मिलिमीटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पायऱ्यांची उंची सारखी नसली की माणसं पडतात, असं सांगणाऱ्या माझ्या जिन्यांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: जिन्यावरून माणूस पडतो तो स्वतःच्या निष्काळजीपणाने, हल्ली तर हातातल्या मोबाईलमुळे, आणि त्याचं खापर पायरीवर फोडणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. डोंगरातल्या ओबडधोबड दगडी पायऱ्या लोक शेकडो वर्षं चढत-उतरत आले, मग पाच-दहा मिलिमीटरचा एवढा बाऊ कशाला? रेलिंग कसं असावं ही ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब. आणि हे सगळं पाळायचं तर खर्च कोण करणार?

मोबाईलचं मान्य. जिना उतरताना स्क्रीनकडे बघू नये, यावर वादच नाही. बाकीचं मात्र पटत नाही.

दगडी पायऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. एक पायरी वीतभर आणि पुढची गुडघ्याएवढी असली की नजर आपोआप खाली जाते, चाल मंदावते, हात आधार शोधतो. घडीव, एकसारख्या दिसणाऱ्या जिन्यावर असं होत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पाय उंचीचा अंदाज घेतात आणि पुढचा जिना त्याच मापाने चढतात. नजर समोर असते, डोक्यात दुसरं काही चालू असतं. सावध माणसाचं शरीरही असंच चालतं. सपाट जमिनीवरसुद्धा पुढे जाणाऱ्या पावलाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वरून जातो. शरीर इतक्या काटकसरीने चालतं, म्हणून नऊ पायऱ्या सारख्या आणि दहावी १५ मिमी उंच असलेला जिना मला डोंगरातल्या वाटेपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. बघून चालण्याची गरज नाही असा भरवसा तो नऊ वेळा देतो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ३६व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनवर असाच एक जिना होता. एकच पायरी इतरांपेक्षा किंचित उंच. २०१२ साली कुणीतरी समोर कॅमेरा लावला, तर त्याच पायरीवर माणसामागून माणूस अडखळताना दिसला: तरुण, म्हातारे, हातात सामान असलेले, कडेवर मूल असलेले. चित्रण लोकांसमोर आल्यावर तो जिना बंद करून दुरुस्त केला. एवढी सगळी माणसं नेमक्या एकाच पायरीवर निष्काळजी होतात, हे पटतं का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लागू असलेला इंटरनॅशनल बिल्डिंग कोड (बांधकामाची नियमावली) अशाच धोक्यापायी एका फ्लाईटमधल्या, म्हणजे सलग पायऱ्यांच्या एका टप्प्यातल्या, सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

आता ही चूक होते कशी, ते बघू. मूळ लेखात मी हे ओझरतं लिहिलं होतं. समजा खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३२०० मिमी अंतर आहे. २० पायऱ्या धरल्या तर प्रत्येकीची उंची १६० मिमी. मिस्त्री कच्च्या काँक्रीटमध्ये सगळ्या पायऱ्या अगदी काटेकोर १६० च्या पाडतो. मग फिनिशिंग येतं. पायऱ्यांवर दगड आणि खालचा मसाला मिळून ४० मिमी चढतात. मजल्यावर मात्र भर, मसाला आणि फरशी मिळून ६५ मिमी, म्हणजे २५ मिमी जास्त. मधल्या पायऱ्यांना काही होत नाही, कारण सगळ्या सारख्याच वर उचलल्या जातात. पहिली पायरी मात्र १६० अधिक ४० वजा ६५ म्हणजे १३५ ची होते, आणि शेवटची १६० अधिक ६५ वजा ४० म्हणजे १८५ ची. कुणाचा हात चुकला नाही, लेव्हल चुकली नाही, आणि तरीही पहिल्या व शेवटच्या पायरीत ५० मिमीचा फरक पडला. जिन्याच्या मधल्या सपाट टप्प्याला (लँडिंगला) मजल्याची फरशी लावली तर हाच दोष तिथेही दोनदा येतो.

उपाय ओतकामाच्या आधी करायचा असतो. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्यापूर्वी भिंतीवर तयार पातळीच्या रेषा मारायच्या: खालचा मजला, प्रत्येक पायरी, लँडिंग, वरचा मजला. त्या रेषांमधून जिथली तिथली फिनिशची जाडी वजा करून काँक्रीटची पातळी काढायची. वरच्या उदाहरणात कच्ची पहिली पायरी १८५ ची आणि शेवटची १३५ ची पाडावी लागेल. साईटवर ती चुकीची दिसते, कुणीतरी ‘सारखी’ करायला जातो आणि सगळा हिशोब बिघडतो. म्हणून त्या दोन पायऱ्यांची मापं ड्रॉईंगवर वेगळी, मोठ्या अक्षरात लिहावीत.

पायरीची उंची आणि रुंदी (पाय ठेवायच्या जागेची पुढून मागची खोली) यांचं नातं तुम्ही ‘पुस्तकी’ म्हटलंत. ते फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात छापलेल्या ग्रंथात मांडलं, पण त्याचा आधार चालणाऱ्या माणसाचं पाऊल हाच आहे: दोनदा उंची अधिक एकदा रुंदी म्हणजे साधारण एक पाऊल. आज ते ६०० ते ६४० मिमीच्या आसपास धरतात. १६० उंची आणि ३०० रुंदी असेल तर ६२० येतात, छान बसतं. १९० आणि २४० घेतले तरी बेरीज ६२० च येते, पण उतरताना पायाचा पुढचा भाग हवेत राहतो. तेव्हा नुसत्या बेरजेवर विसंबू नये, रुंदीही स्वतंत्रपणे तपासावी.

निष्काळजीपणाबद्दल मला जरा तळमळीने लिहायचं आहे, कारण हा शब्द उच्चारला की चौकशीच थांबते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप (उतरताना पंखांमागे उघडायच्या झडपा) मिटवायला जायचे आणि चुकून चाकं मिटवायचे. नोंद व्हायची ती ‘वैमानिकाची चूक’ म्हणून. १९४३ मध्ये अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दोन्ही खटके अगदी सारखे आणि एकमेकांशेजारी आहेत. सी-४७ या मालवाहू विमानात या खटक्यांची रचना वेगळी होती, तिथल्या वैमानिकांकडून ही चूक होत नव्हती. चॅपनिस यांनी चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. चूक थांबली. वैमानिक तेच राहिले, त्यांना ना शिक्षा झाली ना नवं प्रशिक्षण. प्रवासी विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ आजही चाकाच्या आकाराची असते, आणि ती तशीच असावी असा नियम आहे.

रेलिंगमध्ये आवडीला जागा आहे, पण बोटांच्या आवाक्याबाहेर नाही. तोल जातो तेव्हा हातात क्षणाचा अंश असतो, तेवढ्यात मूठ पूर्ण मिटली पाहिजे. गोल दांडा ३२ ते ५० मिमी व्यासाचा असेल तर मिटते. १०० मिमी रुंद सपाट लाकडी पट्टीवर तळवा फक्त टेकतो, पकड बसत नाही. भिंतीपासून निदान ३८ मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर बोटांची पेरं घासतात आणि लोक रेलिंग धरणंच सोडतात. उंची पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) ८६५ ते ९६५ मिमी. ब्रॅकेट खालून यावेत, बाजूने आले की हात दर मीटरला सोडावा लागतो. दांडा वर आणि खाली, दोन्हीकडे जिन्याच्या पुढे ३०० मिमी न्यावा, कारण शेवटच्या पायरीवर जिना संपला असं समजून चुकीचं पाऊल टाकलं जातं, आणि नेमका तेव्हाच हात रिकामा असतो.

खर्चाचं म्हणाल, तर नव्या जिन्यात रेषा मारायला काहीच लागत नाही. जुन्या जिन्यात आधी मोजा. वरच्या पायरीच्या नाकावर सरळ पट्टी आडवी धरा, स्पिरिट लेव्हलने सपाट करा आणि खालच्या पायरीच्या नाकापर्यंत टेपने उभं माप घ्या. पायरीच्या मागच्या कोपऱ्यात मोजू नका. पायरीला उतार असतो, आकडा फसवा येतो. पहिली, शेवटची आणि लँडिंगच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या चुकवू नका.

दोष सापडला तर खरी दुरुस्ती म्हणजे मजल्याची किंवा पायऱ्यांची फरशी काढून पातळी बदलणं. ते जमणारं नसेल, तर निदान सगळ्या पायऱ्यांच्या नाकांवर ४० ते ५० मिमी रुंदीची, फरशीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी लावा. ती अगदी कडेला हवी. कडेपासून दोन-तीन इंच आत बसवली, तर उतरणाऱ्याचा डोळा पट्टीलाच कड समजतो आणि खरी कड नजरेतून सुटते. दिवा असा लावा की उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही आणि त्याची सावली त्याच्याच पुढच्या पायरीवर पडणार नाही. बटण वर आणि खाली, दोन्हीकडे हवं.

तुमच्या इमारतीतला जिना ‘वर्षानुवर्षं ठीक’ आहे, असं तुम्ही लिहिलंय. रोजच्या माणसांच्या पायांना त्याचा दोष पाठ झालेला असू शकतो, नव्या पाहुण्याच्या नाही. वर सांगितल्याप्रमाणे मोजून आकडे इथेच खाली लिहा, सोबत मजल्याच्या आणि पायऱ्यांच्या फरशीची जाडीही. कुठल्या पायऱ्यांवर काम करावं लागेल आणि किती, ते त्यावरून सांगता येईल.