अंधार दिसला की एफ/१.४? आधी अंतर तर बघा

लग्नसराई तोंडावर आली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्रीची ऑर्डर असेल तर भाड्याने फक्त एफ/१.४ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) आणा. झूम अंधारात कामाची नाही. स्टॅबिलायझर (हाताचा थरकाप सावरणारी यंत्रणा) असेल तर शटरच्या वेगाची काळजी सोडा. आयएसओ (फोटो उजळवणारा कॅमेऱ्यातला आकडा) १६०० च्या वर नेला की फोटो गेला. आणि माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) बसला की कुठलीही लेन्स चालते.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची चारही खपून जातात. लिहिणाऱ्याने अंधार तेवढा पाहिला. माणूस किती लांब उभा आहे आणि किती हलतोय, हे विचारलंच नाही.

‘फक्त एफ/१.४ ची प्राइम आणा.’ एफ/२.८ वरून एफ/१.४ वर गेलं की दोन स्टॉप मिळतात; एका स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे दोनला चौपट. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे १६०० पुरतो. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण ८५ एमएमची लेन्स (एमएमचा आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) एफ/१.४ वर उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढा. फुल फ्रेम बॉडीवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प येतो. नवरदेव शार्प आला तर त्याच्या मागे वाकून हळद लावणारी वहिनी गेली. मग तुम्ही अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/२.८ वर आणणार. असं असेल तर एफ/१.४ चं भाडं कशाचं भरलं?

तोच आकडा ३५ एमएमला मात्र शोभतो. तीन मीटरवर एफ/१.४ ला अर्ध्या मीटरहून जास्त खोली मिळते. अंगणातली हळद, दोन पिवळे बल्ब आणि जवळजवळ बसलेली माणसं, अशा ठिकाणी ही लेन्स सोनं आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीलाही मी हीच नेईन. तिथे होळी पेटते पहाटे, आणि रात्रभर ढोलावर नाच चालतो. मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्या (होळीचं व्रत धरून नाचणारे) अगदी जवळून जातात. व्रत धरलेल्या माणसांच्या तोंडावर फ्लॅश मारणं तर शोभतही नाही. तुमची बॉडी क्रॉप (लहान) सेन्सरची असेल तर ३५ ची लेन्स ५० सारखी दिसेल, तेव्हा २४ च्या आसपासची मागा. सारांश, ‘प्राइम आणा’ एवढ्याने काहीच ठरत नाही. किती एमएमची, ते आधी ठरवावं लागतं.

‘झूम अंधारात कामाची नाही.’ सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. अशा मोठ्या मांडवात स्टेज लांब असतं आणि मधे खुर्च्या. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवातही एक जागा धरून बसायचं असतं. गायक डोळे मिटून आलापात असताना कोणी पुढे घुसत नाही. तिथे ३५ ची प्राइम नेली की म्हणतात, ‘नंतर क्रॉप करू.’ करा, पण हिशेब बघा. ३५ एमएमच्या फोटोतून ७० एमएमची फ्रेम कापायची तर सेन्सरचा एक चतुर्थांश भागच उरतो. २४ मेगापिक्सेलचे ६ होतात आणि ग्रेन (फोटोतले दाणे) मोठा होऊन समोर येतो. ३५ ला १.४ ने भागा: २५ मिलिमीटर. ७० ला २.८ ने भागा: तेही २५. दोन्ही लेन्सचं उघडं तोंड सारखंच, त्यामुळे त्या गायकाच्या चेहऱ्यावरून गोळा होणारा उजेडही सारखाच. प्राइमने कमावलेले दोन स्टॉप क्रॉपने परत घेतले. २०० एमएमची फ्रेम हवी असेल तर प्राइम कुठल्या कुठे मागे राहते. स्टेज लांब असेल तर ७०-२०० एफ/२.८ ला पर्याय नाही. जड असते, जुन्या मॉडेलची तर दीड किलोच्या आसपास, म्हणून मोनोपॉडही (एका पायाचा स्टँड) सोबत मागून घ्या.

कार्तिकी एकादशीच्या रथोत्सवात उलटा प्रकार. जुन्या जळगावच्या गल्लीत गर्दी तुम्हाला एक पाऊल मागे सरकू देत नाही आणि रथ तर आकाशात गेलेला. तिथे २४-७० एफ/२.८ चं २४ चं टोक कामाला येतं आणि पुढच्याच मिनिटाला रथावरच्या माणसाच्या चेहऱ्यासाठी ७० चं.

झूमवरचा राग कुठून आला तेही दिसतं. बॉडीसोबत आलेली १८-५५ झूम केली की एफ/५.६ वर जाऊन बसते. ती रात्री खरंच घरी ठेवा.

स्टॅबिलायझरचं उत्तर एका ओळीचं आहे: तो तुमचा हात धरतो, समोरच्याचा नाही. वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोराला १/२५० सेकंदाच्या आसपास शटर लागतोच, स्टॅबिलायझर असो वा नसो. सजवलेला रिकामा मांडव किंवा रोषणाई काढायची असेल तर तो कामाचा.

आयएसओचं भूत मात्र मानगुटीवरून उतरत नाही. ग्रेन मुळात उजेड कमी पडल्याने येतो, डायलवरच्या आकड्याने नाही. १६०० वर काळपट फोटो काढून कॉम्प्युटरवर उजळलात तर तोच ग्रेन दिसतो, पुष्कळदा जास्त, आणि सावलीतले रंगही मरतात. आजच्या फुल फ्रेम बॉडीवर ६४०० बिनधास्त वापरा. अल्बममध्ये नवरीची आई ग्रेन मोजत नाही, हललेला चेहरा मात्र तिला लगेच दिसतो.

‘माउंट बसला की चालते’ म्हणणाऱ्याने निकॉन डी३५०० वर जुनी ५० एमएम एफ/१.८डी लावून बघावी. बसते व्यवस्थित, पण ऑटोफोकस होत नाही, कारण त्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. सिग्माची १८-३५ एफ/१.८ क्रॉप सेन्सरसाठी झकास, पण फुल फ्रेमवर कोपरे काळे करते. कॅननची ईएफ (जुन्या डीएसएलआरची) लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ (नव्या मिररलेस) बॉडीवर चालते. आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर नाही म्हणजे नाही.

मेसेजमध्ये एलईडीचा तर उल्लेखच नाही, आणि आता बहुतेक मांडव एलईडीचेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मैफलीत आवाज नको म्हणून सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावला की फोटोवर आडवे पट्टे येतात. कितीही महाग लेन्स आणली तरी ते जात नाहीत. मेकॅनिकल शटर, वेग १/१०० किंवा १/५०, आणि बॉडीत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीचा त्रास टाळणारी सोय) असेल तर तो चालू.

दुकानात जाताना स्वतःची बॉडी घेऊन जा. लेन्स पूर्ण उघडून दुकानातल्याच अंधाऱ्या कोपऱ्यात चार फोटो काढा आणि झूम करून फोकस तपासा. मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. पावसाळ्यानंतर काचेत बुरशी सापडते. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक बल्बचं भूत फोटोत तरंगेल. जुना ओरखडा असेल तर डिपॉझिटच्या पावतीवर लिहून घ्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारखी धूळ असेल तर लेन्स बदलण्याचा विचारच नको, एकच झूम लावून ठेवा. आणि खिशाला एकाच लेन्सचं भाडं परवडत असेल, जागाही आधी बघितलेली नसेल, तर २४-७० एफ/२.८ घ्या.