थोडं काम आहे

जुन्या मोटरसायकलच्या जाहिरातीत 'थोडं काम आहे' असं वाचलं की माझा हात आपोआप खिशातल्या लोहचुंबकाकडे जातो. हे 'थोडं' फक्त विकणाऱ्याच्या मनात मावतं. आणि 'फक्त शौकिनांनीच फोन करावा' म्हणजे हिशेब करणाऱ्यांनी करू नये.

हवी असते सगळ्यांना जावा. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१पासून ती काढली, १९७३पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ला कारखाना थंडावला. जावाला भाव जास्त, म्हणून येझदीवर जावाची टाकी चढते आणि गाडी एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारी होते. माणसं कलप लावून वय लपवतात. इथे उलटा कलप. तेव्हा टाकीकडे पाहून हरखू नका, आरसी बुक मागा. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. आकडे वाकडेतिकडे उमटले, शेजारी ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर चहा घेऊन निघा.

चहाच्या आधी इंजिनला हात मात्र लावा. 'एका किकमध्ये सुरू होते' ती गाडी बहुधा तुम्ही यायच्या आत दहा किका खाऊन बसलेली असते. कोमट लागली तर गप्पा लांबवा, गार होऊ द्या. मग किक, आणि इथेच नवख्याची फजिती. जावा-येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच: आत दाबून वर फिरवला की किक, सुरू झाल्यावर खाली आणला की गिअर. वेगळी किक शोधत बसलात तर विकणाऱ्याला तुमची इयत्ता कळते आणि किंमत 'फिक्स' होते.

आता धूर. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, पहिली दोन-चार मिनिटं निघणारच. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअरबॉक्समधलं ऑइल गळती न दिसता उतरत असेल, तर क्रँकचं क्लचकडचं ऑइलसील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेलं. इंजिन गिअर ऑइल पितंय. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर ते हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं, रेस सोडली तरी इंजिन ओरडत राहतं, आणि तापून पिस्टन जाम होतो. सील स्वस्त असतं, तिथवर पोचायची मजुरी नसते.

'इंजिन नवं केलंय' म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: पिस्टन कितवा? मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर आतून कातायचा, त्या प्रत्येक बोअरिंगला तो साधारण पाव मिलिमीटरनं वाढतो. आधीच्या मालकांनी हौस पुरती भागवली असेल तर पुढे आत नवी नळी, म्हणजे स्लीव्हच घालावी लागते. यावर उत्तर येत नाही, रंगाचं कौतुक येतं. मग चुंबक काढायचं. मडगार्डवर ते जिथे घसरतं तिथे पत्र्याऐवजी पुट्टी असते. टाकीत टॉर्च मारा. आत गंज असेल तर तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसणार, तोही ऐन घाटात. सहा व्होल्टच्या दिव्याबद्दल तक्रार नको. तो रस्ता दाखवायला नसतोच, तुम्ही येताय एवढं समोरच्याला कळवतो.

राहिला कायदा. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं, असल्या कामांपुरताच रस्ता मोकळा. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळायचं, हे जुन्या पुस्तिकेतलं माप. ते मोजायला वेळ लागतो, म्हणून थोडंथोडंच भरावं. व्हिंटेजवाल्यांची टाकी कायम रिझर्व्हवर असते, आणि पंपही त्यांना घरापासून वीस किलोमीटरवरचाच मानवतो.