प्यायचंय म्हणून गोळी सोडणाऱ्यांसाठी

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा वर तर कधी टोकाचा खाली जाण्याचा आजार, निदान होऊन अकरा वर्षं झाली, त्यासाठी लिथियम चालू आहे आणि रात्री क्वेटियापिन. हे मी लपवत नाही त्यामुळे जवळच्यांना माहीतच आहे. आज लिहितेय दारूबद्दल, आणि त्यातल्याही एकाच गोष्टीबद्दल, कारण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाने (त्यालाही बायपोलरच आहे) मला अगदी सहज सांगितलं, "ताई, शनिवारी मी गोळी घेतच नाही, शनिवारी आमचं बसायचं असतं ना, औषध आणि दारू एकत्र नको." आणि हे सांगताना तो मनापासून समजत होता की आपण काळजी घेतोय. माझ्या पोटात गोळाच आला. कारण चार वर्षं मी नेमकं हेच केलंय.

माझ्याकडे ती सात खणांची गोळ्यांची डबी होती, प्रत्येक खणावर वाराचं पहिलं अक्षर. रविवारी संध्याकाळी ती परत भरायला घेतली की शुक्रवार आणि शनिवारचे खण जसेच्या तसे भरलेले असायचे. माझ्या ताईच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या गोळ्या मी कमोडमध्ये टाकायचे आणि सगळ्या खाली जाईपर्यंत दोनदोनदा फ्लश करत उभी राहायचे. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, की हो. दारू? कधीतरी, सोशली. त्या सोशलीमध्ये आठवड्याच्या दोन रात्री आणि रात्रीचे चार-पाच पेग मावत होते.

आता हे आपण का करतो तर "औषधांसोबत दारू नको" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, डॉक्टरही घाईत तेवढंच बोलून पुढचा पेशंट बोलावतात, आणि ज्याला प्यायचंच आहे तो त्या वाक्यातून दारू काढत नाही, औषध काढतो. मला याचा खरंच राग आहे, की प्यायलीस तर त्या रात्री गोळीचं काय करायचं हे मला निदान झाल्यावर पहिली सात वर्षं कुणीच सांगितलं नाही, फक्त "बंद करा" सांगितलं, मग मी माझा नियम मीच बनवला.

आणि तो नियम किती उलटा आहे बघा. लिथियम ही डोकेदुखीची गोळी नाही की आज घेतली तर आजपुरतं काम झालं. ते रक्तात एका ठरावीक पातळीवर राहिलं तरच उपयोगाचं, साधारण ०.६ ते १.० (मिलीमोल प्रति लिटर), आणि १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. इतकी चिंचोळी जागा आहे ती. त्यात आठवड्यातून दोन डोस तुम्ही हाताने काढून टाकताय, आणि तेही नेमके ज्या रात्री झोपेची वाट लागणार आहे त्याच रात्री. दारूने झोप पटकन लागते हे खरं, पण उत्तररात्री ती तुटते, माणूस तीन-चारला टक्क जागा होतो, आणि बायपोलरमध्ये मोडलेली झोप म्हणजे मेनियाला, मूड टोकाचा वर जाण्याला, उघडं दार. माझा सगळ्यात वाईट एपिसोड असाच रविवारी पहाटे सुरू झाला. साडेतीन वाजता मी अख्खं कपाट जमिनीवर काढून कपडे रंगाप्रमाणे लावत बसले होते आणि वाटत होतं की इतकं स्वच्छ डोकं आयुष्यात कधी चाललं नव्हतं. पुढचे सहा आठवडे काय झालं ते इथे लिहिणार नाही.

पण त्याहून जास्त घाबरले ते नंतर एकदा. रात्रभर उलट्या झाल्या, पाणी पोटात टिकेना, आणि सकाळी अपराधी वाटून मी राहिलेले दोन्ही डोस आणि त्या दिवसाचा असं सगळं एकदम घेऊन टाकलं. दारूने लघवी जास्त होते, वर उलट्या, शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं की किडनी लिथियम बाहेर टाकायच्या ऐवजी धरून ठेवते, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. दुपारपर्यंत हात असा थरथरायला लागला की ग्लास ओठापर्यंत नेता येईना, जीभ जड झाली, चालताना भिंत धरावी लागली. ताई म्हणाली, "अगं रात्रीची उतरली नाहीये तुझी, पडून राहा." तिची काहीच चूक नाही. लिथियम जास्त झाल्याची लक्षणं बघणाऱ्याला दारू चढल्यासारखीच दिसतात, अडखळतं बोलणं, झोकांड्या, उलट्या, गुंगी, आणि आदल्या रात्री प्यालेल्या माणसाच्या बाबतीत दुसरं काही मनात येणार तरी कसं. संध्याकाळी उचलून नेलं, पातळी २.१ निघाली, तीन दिवस सलाईनवर होते. घरच्यांनी हे माहीत करून घ्या प्लीज. लिथियमवरचा माणूस दारू प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशीही असा दिसत असेल तर उतरायची वाट बघू नका, रक्त तपासा.

बायपोलरमध्ये दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधांचं वेगळं. व्हॅल्प्रोएटचा आणि दारूचा दोघांचा भार लिव्हरवर. क्लोनाझेपामसारखी गुंगी आणणारी गोळी आणि दारू मिळून श्वास मंदावू शकतो. आणि लॅमोट्रिजिनवाल्यांनी तर नीट ऐका, ती गोळी चार-पाच दिवस सलग सुटली तर परत थेट जुन्या डोसवर जायचं नसतं, डॉक्टरांना विचारून बहुतेकदा पहिल्यापासून हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर अंगावर गंभीर रॅश येण्याचा धोका असतो. म्हणजे लांबलेला एक वीकेंड तुम्हाला कित्येक आठवडे मागे नेतो.

मी नेहमी म्हणायचे की मी उदास असते म्हणून पिते. त्या रात्रीपुरता आराम पडतो हे खरं आहे, जो म्हणतो पडत नाही त्याने तो अंधार बघितलेला नाही. पण मिशिगन विद्यापीठाचा २०२४ सालचा एक अभ्यास वाचला, ५८४ बायपोलर लोकांना वर्षानुवर्षं फॉलो केलेलं, त्यात दिसलं की पिणं वाढलं की पुढच्या सहा महिन्यांत डिप्रेशन आणि मेनियाची लक्षणं वाढतात, कामावर परिणाम होतो. उलट दिशेने, म्हणजे लक्षणं वाढली म्हणून पुढे पिणं वाढलं, असं मात्र त्यांना दिसलं नाही. दोन दिवस मला ते पटलं नाही. मग माझी मूडची जुनी डायरी काढून तारखा लावल्या, आणि डायरीतही तसंच होतं.

हे वाचून कुणी रोज पिणारं माणूस उद्यापासून एकदम सोडायला निघालं असेल तर थांबा, रोजची दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जीवावर बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि प्यायल्यावर त्या रात्री गोळी घ्यायची की नाही हेही माझं ऐकून ठरवू नका, औषधागणिक उत्तर वेगळं आहे, आधीच विचारून लिहून घ्या. माझ्या कागदावर दोनच ओळी आहेत, चुकलेला डोस दुप्पट करून घ्यायचा नाही, आणि उलट्या झाल्या तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन. गेल्या दीड वर्षात मी दोनदा प्यायले, दोन्ही वेळा डॉक्टरांना किती ते आकड्यात सांगितलं, ते ओरडले नाहीत, फक्त रक्त तपासायला सांगितलं.

त्या मुलाला हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते घरी सांगतील." गुरुवारी त्याची अपॉइंटमेंट आहे. मी सोबत जातेय, बाहेर बसेन.