मारबतवाल्याचं घर

परवा पार्सलवाल्या पोराचा फोन आला. "साहेब, चौकात आहो. पानठेल्यावर विचारलं तर म्हणे मारबतवाल्याचं घर. तेच का?"

मी "हो" म्हणालो. तोंड अजून कडू आहे.

घर बाहेरून रंगवून १७ दिवस झाले. शेड कार्डावर नखाएवढा चौकोन होता, लोण्यासारखा. तोच २० फूट भिंतीवर चढला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतून मिरवत निघणारी पिवळी मारबत, तो भलामोठा पुतळा, थेट आमच्या लेआउटमध्ये येऊन बसली. बायको पांढरा म्हणत होती. (हल्ली ती काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं.)

दुसरा हात संपला त्या संध्याकाळी समोरचे काका आले. रिटायर्ड, वेळ भरपूर. गेट धरून उभे राहिले.

"काहून भाऊ, प्रायमर मारून राहिले का?"

"नाही काका, फायनल आहे."

काकांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला.

"फायनल?"

"हो."

"वाळल्यावर फिका पडन ना पण?"

"वाळलाय."

"हं." मग बराच वेळ नुसतीच भिंत पाहिली. "विकाचं आहे का घर?"

"नाही."

"मग ठीक आहे."

एवढ्यावर जातील तर काका कसले! सायकलवरून भाजीवाला चालला होता, त्याला थांबवलं. "हे पाहा बरं. कसं वाटते?" भाजीवाल्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "रात्री लाइट लावायचं काम नाही." काकांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याच्याकडून अर्धा किलो वांगी घेतली. माझ्या गेटवर उभं राहून, माझ्या भिंतीच्या उजेडात, निवडून निवडून.

जाता जाता म्हणाले, "पावसाळ्यानंतर मारायचा होता."

हे मात्र खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. नागपूरचा मे. २०१३ साली इथे पारा ४७.९ वर गेला होता. यंदा तेवढा नव्हता, पण पश्चिमेच्या भिंतीवर रंग टेकायच्या आत वाळत होता. ब्रश जिथे थांबला तिथे पट्टा. उन्हात वेळ सांभाळून मारा म्हणून मी ठेकेदाराला सांगितलं, तर म्हणाला, सावलीत काम धरलं तर दिवाळी येईल.

आणि मुळात ८०,००० रुपये भिंतीच्या तोंडाला फासायची गरजच काय होती? खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, खिडकीच्या कोपऱ्यातली तिरपी भेग दरवर्षी उघडते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन वर्षं राहिलंय. ते रस्त्यावरून दिसत नाही ना! दिसायला हवं होतं मला. आता दिसतंय.

परवाच कूलरखाली भिंतीवर पांढरा ओघळ उमटलेला दिसला. बोअरचं पाणी, क्षार. ठेकेदाराला फोन लावला. सात वर्षांची गॅरंटी आहे म्हणालो. तो म्हणाला, "गॅरंटी रंगाची आहे साहेब, कूलरची नाही."

पार्सलवाला आला. ओटीपी घेतला. गाडीला किक मारता मारता भिंतीकडे वर पाहून म्हणाला, "लांबून दिसते पण, साहेब."

पार्सलमध्ये कूलरचा पंप होता.