‘स्वतःपासून सुरुवात करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हवामान बदलाला आपण सगळेच जबाबदार आहोत, तेव्हा सरकारांना आणि कंपन्यांना दोष देऊ नका. निसर्ग गरीब-श्रीमंत पाहत नाही. प्रत्येकाने सवयी बदलल्या की प्रश्न सुटेल. मोर्चे आणि खटले यांनी आजवर काही साधलेलं नाही. मजकुराचा सूर समंजस आहे, म्हणूनच तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

‘सगळेच जबाबदार.’ सगळे आहेत, पण सारखे नाहीत. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने 2023 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार 2019 सालच्या जगाच्या कार्बन उत्सर्जनापैकी निम्मं सर्वात श्रीमंत 10 टक्के लोकांचं होतं. वरच्या 1 टक्का लोकांनी सोडलेला कार्बन तळातल्या दोन तृतीयांश माणसांच्या एकत्रित उत्सर्जनाइतका भरला. शिवाय कार्बन डायऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू हवेत शतकानुशतकं टिकून राहतो, त्यामुळे जुनी थकबाकीही मोजावी लागते. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. अख्ख्या आफ्रिका खंडाचा आजचा वाटा 4 टक्क्यांच्या आसपास. हे ठाऊक असूनही ‘आपण सगळे’ म्हणत राहणं म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना मोकळं सोडणं.

‘निसर्ग भेदभाव करत नाही.’ निसर्ग नसेल करत. पण विषारी कचरा कुणाच्या वस्तीशेजारी पुरायचा, हे माणसं ठरवतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या वॉरन काउंटीत 1982 साली पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायचं ठरलं. तिथे बहुसंख्य वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची होती. लोक ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले, 500 हून अधिक जणांना अटक झाली. कचरा तिथेच पुरला गेला, पण प्रदूषणाचा भार गरिबांवर आणि अल्पसंख्याकांवरच का, असं विचारणारी पर्यावरणीय न्यायाची चळवळ देशभर पोहोचली ती तिथून. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशाने, सरकारी निर्णयांचा गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर काय परिणाम होतो हे पाहणं केंद्रीय यंत्रणांवर बंधनकारक केलं. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला. राजकारणाकडे पाठ फिरवा असं सांगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं: आपण तिथे नसलो तरी निर्णय होतच राहतात.

‘सवयी बदला, प्रश्न सुटेल.’ याची परीक्षा 2020 साली आपोआप झाली. कोट्यवधी माणसं घरात बसली, विमानं जमिनीवर होती, रस्ते ओस पडले. इतकं होऊनही त्या वर्षी इंधनं जाळून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन साधारण 5 टक्क्यांनीच घटलं, आणि पुढच्या वर्षी ते जवळपास पूर्वपदावर आलं. कारण वीजकेंद्रं, पोलाद, सिमेंट, मालवाहतूक हे सगळं कोळसा, तेल आणि वायू यांवरच चालू होतं. ते बदलणं एकट्या ग्राहकाच्या हातात नसतं. त्यासाठी कायदे, सरकारी गुंतवणूक आणि मुदती लागतात. आणि प्रत्येकाने आपापल्या ‘कार्बन फूटप्रिंट’चा, म्हणजे आपल्या जगण्यामुळे किती कार्बन हवेत जातो याचा, हिशोब ठेवावा ही कल्पना घरोघरी नेण्यात मोठा वाटा कुणाचा, तर बीपी या तेल कंपनीचा. तिने 2004 मध्ये लोकांसाठी तसं गणकयंत्र आणलं आणि त्याभोवती जाहिराती केल्या. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशोब मागावा, याचा मला आजही संताप येतो.

सवयी बदलू नका, असं मी म्हणत नाही. पण भार सरसकट सगळ्यांवर टाकला की काय होतं, ते फ्रान्समध्ये दिसलं. 2018 मध्ये इंधनावरचा कर आणखी वाढणार होता. ज्यांना कामावर जायला गाडीशिवाय पर्यायच नव्हता, ते पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. न्याय सांभाळला नाही तर हवामान धोरणही टिकत नाही.

‘मोर्चे आणि खटले व्यर्थ.’ नेदरलँड्समध्ये उर्गेंडा ही संस्था आणि सुमारे 900 नागरिक सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. 2019 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला: 2020 अखेर उत्सर्जन 1990 च्या तुलनेत किमान 25 टक्क्यांनी घटलं पाहिजे. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात स्वतःच्या सरकारविरुद्धचा खटला जिंकला. हवामानाबाबत देशांची जबाबदारी काय यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्यावं, अशी मागणी पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये मांडली, वानुआतू या छोट्याशा देशाने ती संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्यापुरतं आहे, त्याची थेट अंमलबजावणी होत नाही. ते आपापल्या देशातल्या न्यायालयांत, कायदेमंडळांत आणि निवडणुकांत रेटायचं काम आता सुरू झालं आहे, आणि त्याला माणसं कमी पडताहेत.