आजीला गप्प बसवू नका

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान उठलं. जूनअखेर सरकारला दोन्ही शासननिर्णय मागे घ्यावे लागले. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून मी त्या बातम्या रोज वाचत होते. मुलांवर किती भाषा लादायच्या, यावर जो तो बोलत होता. ज्यांना बोलणंच अवघड जातं, त्या मुलांचा विषय मात्र कुणी काढला नाही.

मुलुंडला माझ्या बहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे, शब्द मोजकेच. थेरपीत पहिला सल्ला मिळाला: घरात एकच भाषा ठेवा, शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजीच. म्हणजे दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या, मराठीच बोलणाऱ्या तिच्या सासूबाईंनी तोंडाला कुलूप लावायचं! दोन भाषा कानावर पडल्याने अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही.

इथले स्पीच थेरपिस्ट सांगतात, घरी तुमचीच भाषा बोला. तेवढं इंग्लंडचं घ्यावं. बाकी कौतुक नको. मुलाच्या गरजांचा आराखडा २० आठवड्यांत द्यावा असा नियम आहे, पालक मात्र त्यानंतरही ताटकळतात. शिवाय अशा मुलांनी बोलण्याऐवजी दाखवायची शाळेतली चित्रकार्डं इंग्रजीत. चित्रावर बोट ठेवलं की मराठी बोलणारं अ‍ॅप सापडलं ते पवईचं: आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो', तेही फुकट.

"चित्रांची सवय लागली की बोलायचा कंटाळा करेल," ही भीती मुंबईत अजून ऐकू येते. तिलाही आधार नाही. काही मुलांचे शब्द त्यामुळे वाढलेलेच दिसले आहेत. बहिणीच्या फ्रिजवर कार्डं आहेत: पाणी, भात, गच्ची, नको. 'नको' सासूबाईंनी लावलं. आपण मोठे बहुधा मागण्यांचीच कार्डं करतो, मग नकार द्यायला पोरापाशी ताट भिरकावणं तेवढं उरतं. आता दुधीची भाजी पुढे आली की तो ते कार्ड आजीच्या हातात कोंबतो. त्या ठळक आवाजात "नको" म्हणतात आणि भाजी उचलतात. दर वेळी. (दुधीच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूची.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ अशा पर्यायी संवादसाधनांना चालना देण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या पक्षांनी मुंबई महापालिकेच्या शाळाशाळांत मराठी चित्रफलक मागावेत. दोन शासननिर्णय मागे घ्यायला लावणाऱ्यांना एवढं जमायला हरकत नाही.